माकडाला रस, मुलीला स्कूटी

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावीला, नीटची तयारी चालू आहे. सराव परीक्षेत ५५०ला घड्याळ, ६००ला मोबाईल, ६५०ला स्कूटी असा तक्ता त्यांनी फ्रिजवर चिकटवलाय. तरी गाडी ५२०वरच अडलीये. मुलगी म्हणते, डॉक्टर नको, मेंदूवर संशोधन करायचंय. बक्षीस म्हणून फळांच्या रसाचे थेंब देऊन केलेले माकडांचे प्रयोग तिनेच बाबांना सांगितले. बाबा मला विचारतात, "माकडसुद्धा बक्षीस असलं की नीट लक्ष देतं. मग माझं काय चुकलं?"

तक्त्याचा फोटो जोडलात, बरं केलंत. ६५०च्या ओळीपुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘रस?’ असं लिहिलंय, ते तुम्ही पाहिलंत का? मार्कांचं मला फार वाटलं नाही. या एका शब्दापाशी मात्र मी अडकलो. पोरीने स्वतःला माकडाच्या जागी बसवलंय, आणि तुम्ही तोच कागद अभिमानाने मला पाठवलात.

आता तो प्रयोग. ओकिहिदे हिकोसाका आणि सहकाऱ्यांचा, जपानमधला, १९९८ साली प्रसिद्ध झालेला. माकड पडद्याच्या मधल्या ठिपक्याकडे बघत असतं. चारपैकी एका दिशेला क्षणभर खूण चमकते. ती जागा लक्षात ठेवायची आणि मधला ठिपका विझला की तिकडे नजर टाकायची. मेख अशी, की बक्षीस एकाच दिशेला. तिकडे नजर लवकर निघायची, झपकन पोचायची. उरलेल्या तीन दिशांना रेंगाळायची. बक्षिसाची बाजू बदलली की कलही बदलायचा. बक्षिसाने लक्ष वाढतं हा तुमचा समज इथेच फसतो. लक्ष बक्षिसाच्या बाजूला झुकतं, आणि दुसरी बाजू उपाशी राहते. तुम्ही रस ठेवलात आकड्यापाशी, मग जीवशास्त्राच्या पुस्तकाकडे नजर रेंगाळणारच. शिवाय अशा प्रयोगांतलं माकड तहानलेलं असतं. तुमची मुलगी स्कूटीसाठी तहानलेली नाही.

वोल्फ्राम शुल्झ यांनी माकडांतच आणखी एक गोष्ट दाखवली. अपेक्षित रस ऐन वेळी आला नाही, की मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी नेहमीपेक्षाही मंदावतात. घर म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, कबूल. पण दर निकालाला घड्याळही हुकत असेल, तर त्या संध्याकाळी ती कशी जेवते ते एकदा बघा. आणि तक्ता काढा, आजच. त्याजागी दुसरा लावू नका.

राहिलं करिअर. मेंदूच्या संशोधनासाठी आधी एमबीबीएस लागत नाही. आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यायची, पुढे पीएचडीला बंगळुरूची आयआयएस्सी ही विज्ञान संस्था किंवा मानेसरचं एनबीआरसी हे मेंदू संशोधन केंद्र. माकडांच्या नजरेवरचं काम बंगळुरूतही चालतं. आयएटीत गणिताचे प्रश्न असतात, आणि नीटच्या नादात बरीच मुलं अकरावीलाच गणित सोडतात. तुमच्या दोन पानी पत्रात तिच्या गणिताबद्दल एक ओळ नाही. तिने ते ठेवलंय की सोडलंय? तिलाच विचारून कळवा.