बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात वईसाठी (झाडांच्या कुंपणासाठी) आणि मागच्या जंगलासाठी कोणती रोपं घ्यावीत?

तुमचा प्रश्न वाचला. जांबोटीच्या अलीकडे दीड एकर रान घेतलंय, लाल माती आहे, तारेऐवजी झाडांची वई करायचीय, मागच्या अर्ध्या एकरात जंगल करायचंय, आणि नर्सरीवाला सहा फुटी रोपं घ्या म्हणजे लगेच दिसेल म्हणतोय, तर घ्यावीत का.

नका घेऊ. हे मी अनुभवानं सांगतोय. नऊ वर्षांपूर्वी मी पण एका नर्सरीतून जांभूळ आणि करंजाची चाळीस उंच रोपं आणली होती, पहिल्या वर्षी इतकी छान दिसायची की येणारा जाणारा विचारायचा, आणि तिसऱ्या पावसाळ्यात जुलैच्या वाऱ्यात एकेक आडवं व्हायला लागलं. उपटून बघितलं तर मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल फिरलेली, अगदी डोक्यावरच्या चुंबळीसारखी, खाली एकही सरळ गेलेलं नाही. त्याच वर्षी फॉरेस्टच्या नर्सरीतली वीतभर रोपं बांधाला लावली होती, ती आज घराच्या कौलांच्या वर गेलीत. रोप घेताना उंची बघूच नका, बुंधा बघा, पेन्सिलीएवढा जाड पाहिजे आणि उंची एक-दीड फूट बास. पिशवीतून मूळ बाहेर येऊन जमिनीत रुतलेलं असलं तर ते उचलताना तुटणार, ते सोडा. शंभर रोपं घेणार असाल तर एक रोप पैसे देऊन विकत घ्या आणि तिथंच पिशवी फाडून मूळ बघा, मूळ गोल फिरलेलं असलं तर तो सगळा लॉट नको. आणि हिरव्या नेटखालची लुसलुशीत रोपं थेट उन्हात नेऊ नका, निदान पंधरा दिवस उघड्यावर ठेवलेली घ्या.

आता वईचं. नर्सरीत जायच्या आधी शेजाऱ्यांचे जुने बांध बघून या, तिथं पाण्याशिवाय काय टिकलंय ते कळतं. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या जमिनीत वईला करवंदासारखं झाड नाही. काटा आहे, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, मे महिन्यात फळं मिळतात, फक्त वाढ सावकाश म्हणून लोक कंटाळतात. त्यामुळं मी मिसळून लावतो, करवंदाच्या मधे मधे निरगुडी आणि गिरिपुष्प. या दोन्हीच्या नुसत्या काड्या पाऊस लागल्यावर खोचल्या तरी फुटतात, म्हणजे करवंद मोठं होईपर्यंत वई दिसायला लागते, आणि गिरिपुष्पाचा पाला शेताला खत म्हणून घालता येतो. रानडुकरांचा त्रास असेल त्या बाजूला सागरगोटा किंवा चिल्हार लावा, पण रस्त्याच्या आणि घराच्या बाजूला अजिबात नको, ती पसरतात, झाडांवर चढतात, आणि दरवर्षी कोयता घेऊन मागं लागावं लागतं. गवे आणि हत्ती मात्र कुठल्याच वईला थांबत नाहीत, त्यासाठी म्हणून लावत असाल तर अपेक्षा ठेवू नका. घाणेरी कुणी फुकट दिली तरी आणू नका, ती आधीच सगळ्या रानात घुसलीय.

हिशोब असा, दीड एकर साधारण चौकोनी धरलं तर कडेनं हजार फूट होतात. दोन ओळी, ओळीत दीड फुटावर एक रोप आणि दुसरी ओळ पहिलीच्या मधल्या जागेसमोर, म्हणजे तेराशे-चौदाशे रोपं लागतात. उंच रोपं त्या भावानं परवडणारच नाहीत, लहान पिशवीतली परवडतात. दाट वई पाहिजे असेल तर पहिल्या वर्षी शेंडा खुडायला मन घट्ट करा, नाहीतर वर झाड आणि खाली भोक, डुक्कर त्यातूनच येतं. तीन वर्षं तरी धरा, तोपर्यंत काट्याच्या फांद्या रोवून काम चालवा.

मागच्या अर्ध्या एकराबद्दल मला जास्त बोलायचंय. तिथं आत्ता काय आहे ते आधी नीट बघा, जुने खुंट आहेत का? ऐन, किंजळ यांचे तोडलेले खुंट परत फुटतात, त्यांची मुळं आधीच खोल गेलेली असतात, त्यांच्याशी तुमचं कुठलंच रोप बरोबरी करणार नाही. जेसीबी लावून जागा साफ करून मग झाडं लावणारे लोक बघितले की खरंच जीव तुटतो. फुटव्यातले चांगले दोन ठेवा, बाकीचे काढा, गुरं आत येऊ देऊ नका, अर्धं जंगल तिथंच झालं. मोकळ्या जागेत ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, हिरडा, बेहडा, शिवण, उंबर, बहावा, आणि सावली झाल्यावर दोन-तीन वर्षांनी कोकम. आठ-आठ फुटावर अर्ध्या एकरात ३४० रोपं बसतात, खुंटांची जागा सोडली की त्याहून कमी. एकाच जातीच्या ओळी करू नका. निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभळीच्या नादाला लागू नका, निलगिरीच्या नव्या लागवडीवर तर कर्नाटक सरकारनं २०१७ मधे बंदी घातली होती.

रोपं फॉरेस्टच्या नर्सरीतून घ्या, स्वस्त असतात आणि आपल्या भागातल्या बियांची असण्याची शक्यता जास्त. शेतकऱ्याच्या नावावर जमिनीचा उतारा असेल तर वन खात्याच्या कृषी अरण्य प्रोत्साहन योजनेत नाव घाला, त्यात जगलेल्या रोपामागं तीन वर्षं टप्प्यानं पैसे मिळतात. तुम्ही पुण्याचे म्हणून एक सांगतो, इथल्या नर्सरीत पाट्या आणि बोलणं कन्नडमधे असतं, मराठी नाव सांगितलं तर कधी कधी भलतंच हातात येतं. ऐन म्हणजे मत्ती, करंज म्हणजे होंगे, जांभूळ नेरळे, बहावा कक्के, निरगुडी लक्की, फणस हलसू, एवढं लिहून न्या, काम सोपं होतं आणि तिथली माणसं पण आपुलकीनं बोलतात.

लावायची वेळ म्हणजे मृगाचा पाऊस जमिनीत नीट मुरल्यावर, जुलैच्या धो धो पावसाच्या आधी मुळं धरली पाहिजेत. जांभा असेल तर पहारीनं दीड फूट खड्डा काढा आणि उन्हाळ्यातच काढून ठेवा. पिशवी पूर्ण काढा, हे सांगायला लागतं कारण गडी घाईत पिशवीसकट पुरतात. कच्चं शेण खड्ड्यात घालू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी येते, कुजलेलंच घाला. खड्ड्यात पाणी साठणार नाही असा थोडा उंचवटा ठेवा, आमच्याकडे रोपं उन्हानं जेवढी मरतात तेवढीच पाणी साचून कुजतात. आणि फेब्रुवारीच्या आधी चारी बाजूंनी गवत कापून जाळरेषा काढा, एका दुपारी वणवा आला तर तीन वर्षांचं काम जातं.

हे सगळं खानापूरच्या पावसाचं झालं. कुणी अथणी, रायबागच्या कमी पावसाच्या भागातून वाचत असेल तर तिथं यातलं अर्धं जगणार नाही, तिकडं वईला शेर, घायपात, आणि आत कडुनिंब, बोर, हिवर, सीताफळ बघा.

करवंदाची रोपं हवी तेवढी मिळाली नाहीत तर मेमधे पिकलेली करवंदं आणून बिया धुऊन लगेच पेरा, साठवून ठेवलेलं बी उगवत नाही. सागरगोट्याचं उलट, त्याचं कवच दगडासारखं असतं, एका बाजूनं फरशीवर घासून रात्रभर पाण्यात भिजवा, फुगलेलं तेवढंच बी टोचा.