चौथीच्या मुलांपासून त्यांच्या आई-वडिलांपर्यंत सगळ्यांना एकत्र बसवून कागदाच्या घड्यांतून गणित शिकवता येतं का, की तो नुसता खेळच राहतो?

शिकवता येतं. घडी सगळ्यांना एकच द्यायची, प्रश्न मात्र वयाप्रमाणे बदलायचा. मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो. माझी आवडती घडी सांगतो.

16 सेंमी बाजूचा चौरस कागद घ्या. वरच्या कडेच्या मध्यावर चिमटीने खूण करा. खालचा उजवा कोपरा उचलून नेमका त्या खुणेवर टेकवा आणि घडी दाबा. वर उजवीकडे एकेरी कागदाचा काटकोन त्रिकोण दिसेल. लहान मुलांना पट्टी द्या, बाजू 6, 8 आणि 10 सेंमी भरतात. सातवी-आठवीची मुलं तिथेच पायथागोरस ओळखतात. मग डावीकडे बघा: दुमडलेली खालची कड डाव्या बाजूला जिथे कापते, तिथे ठिपका द्या; घडी उलगडली की त्या बिंदूच्या खाली बाजूचा बरोबर तिसरा हिस्सा उरतो. अर्धा करता करता एक तृतीयांश हाती आला! "सर, हाई कसं व्हयनं?" हा प्रश्न इथे हमखास येतो आणि त्याचं उत्तर दहावीच्या समरूपतेत आहे. खुणेपाशी कागदाचा काटकोन आलाय, म्हणून डावा आणि उजवा त्रिकोण समरूप होतात. ही घडी काझुओ हागा या जपानी जीवशास्त्रज्ञाने शोधली. शिवणकाम करणाऱ्या ताईंना सिद्धता नको असते, पण टेपशिवाय तीन सारखे भाग पाडायची युक्ती त्या लगेच उचलतात.

होडी, पक्षी शिकवून थांबू नका, असं मी कळकळीने सांगेन. वस्तू तयार झाली की मुलं खूश होतात, गणित मात्र घड्यांच्या आतच राहतं. सपाट दुमडलेला पक्षी पुन्हा पूर्ण उलगडायला लावा. कागदाच्या आतल्या भागात जिथे घड्या एकत्र येतात असा कुठलाही बिंदू निवडा, वर उठलेल्या घड्यांना डोंगर म्हणा, आत गेलेल्यांना दरी, आणि मोजा. फरक नेहमी 2 येतो. चौथीचं मूल हे मोजू शकतं. असं का होतं, यावर कॉलेजची मुलंही बराच वेळ डोकं लावतात. त्यांना पुढे न्यायचं असेल तर इटालियन गणितज्ञ मार्गारिटा बेलोक यांचं 1936 चं काम दाखवा: कंपास-पट्टीने न सुटणारं घनमूळ घडीने काढता येतं.

कागद विकत आणू नका. झेरॉक्सच्या दुकानात एका बाजूने छापलेले रद्दी कागद मिळतात, त्यांवर घडीची रेघ छान उमटते. लग्नपत्रिकेचा जाड कागद मात्र टाळा, कोपरा खुणेवर नीट बसत नाही.