जर्मनीत स्थलांतर-अभ्यासात एम. ए.: जर्मन न शिकता जमेल का?

तुमच्या लेकीने पुण्यात समाजशास्त्रात बी. ए. केलंय, तिला स्थलांतर आणि सामाजिक समावेशन या विषयात जर्मनीत एम. ए. करायचंय. तुमचे प्रश्न दोन: जर्मन न शिकता जमेल का, आणि पुढे पोटापाण्याचं काय? मी याच वाटेने गेले, नंतर तिथे स्थलांतरितांच्या सल्लाकेंद्रात कामही केलं, म्हणून जरा लांबण लावते.

पदवी मिळेल, कामाचं कठीण आहे. ओल्डनबर्ग विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणारा इरॅस्मस मुंडसचा (युरोपीय संघाच्या मदतीने अनेक विद्यापीठं मिळून चालवतात तो) अभ्यासक्रम दोन वर्षांचा, इंग्रजीत आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला १,४०० युरो, पण चुरस प्रचंड. ओस्नाब्रुकला या विषयाची स्वतंत्र संस्थाच आहे, मात्र तिथलं एम. ए. मुख्यतः जर्मनमध्ये. मी जर्मनवाली वाट धरली आणि पहिलं सत्र वर्गात मख्खासारखी बसून काढलं. पण सल्लाकेंद्रात समोरचा माणूस सरकारी पत्र घेऊन येतो, ते त्याला कळत नाही म्हणूनच येतो. आपल्यालाही कळलं नाही तर आपण तिथे कशाला? तेव्हा जर्मन शिकायला मॅक्स म्युलर भवनात नाव आजच घाला.

आता विषयाबद्दल, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. समावेशन म्हणजे परक्यांचे सण नि खाणंपिणं नव्हे. निम्मा अभ्यास यजमान देशाच्या कारभाराचाच असतो. १९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. मुक्कामाची मुदत दोन वर्षं, मग माणूस परत. शिकवून तयार केलेला कामगार दर दोन वर्षांनी घालवणं कारखानदारांना परवडेना, १९६४ मध्ये ती अट गेली. १९७३ मध्ये भरतीच थांबली. आता परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे ओळखून अनेकांनी उलट बायकामुलांना बोलावून घेतलं. तरी 'हे पाहुणेच' ही समजूत सुटली नाही. सरकारी समावेशन-वर्ग आले थेट २००५ मध्ये! आज त्यात साधारण ६०० तासिका भाषेच्या आणि १०० कायदा, इतिहास, समाज यांच्या.

हे वाचताना मला सारखी ऊसतोड आठवायची. बीडहून कोयता निघतो, सहा महिन्यांनी परत येणार म्हणून पोरांच्या शाळेची जबाबदारी कोणाचीच नाही. साखरशाळा काढल्या, त्याही तात्पुरत्या. तुमच्या लेकीने हेतुपत्रात (प्रवेश-अर्जासोबतच्या 'स्टेटमेंट ऑफ पर्पज'मध्ये) असं आपल्या मातीतलं काही मांडावं. 'मला वेगवेगळ्या संस्कृतींची आवड आहे' या वाक्याने सुरू होणारी पत्रं ढिगाने येतात.

पैशांचं थोडक्यात. ओल्डनबर्ग-ओस्नाब्रुक ज्या राज्यात आहेत तिथे सरकारी विद्यापीठांच्या नेहमीच्या एम. ए.ला शिकवणी शुल्क नाही, फक्त सत्रवर्गणी. इरॅस्मसचा हिशेब वेगळा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दुसऱ्या राज्यात मात्र सत्राला १,५०० युरो शुल्क. शिष्यवृत्ती नसेल तर व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात ('ब्लॉक्ड अकाउंट', यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा). एपीएस प्रमाणपत्र (आपल्याकडच्या पदवीच्या कागदपत्रांची जर्मनीसाठी केलेली पडताळणी) लागतं, त्याला वेळ जातो, आधी तेच मागवा. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

हेतुपत्राचा कच्चा खर्डा झाला की नाव-गाव काढून इथेच टाका. वाचून सांगते.