लांब वाक्य म्हणजे कॉम्प्लेक्स?

प्रश्न: सर, माही पोरगी दहावीत आहे, इंग्रजीत लांब वाक्य दिसलं का कॉम्प्लेक्स (मिश्र वाक्य) लिहून मोकळी होते. काय सांगू तिले? – एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर: ताई, लांबी सोडा, कर्ता-क्रियापदाच्या जोड्या मोजायला लावा. 'आफ्टर द रेन वी सोड कॉटन' (पावसानंतर आम्ही कापूस पेरला), जोडी एकच, वी सोड, म्हणून सिंपल, म्हणजे केवल वाक्य. 'द रेन केम अँड वी सोड कॉटन', दोन जोड्या, दोन्ही आपापल्या पायावर उभ्या, म्हणून कंपाउंड, म्हणजे संयुक्त वाक्य. आता 'आफ्टर द रेन केम, वी सोड कॉटन' घ्या, पहिला तुकडा एकटा वाचा, पाऊस आल्यावर... मग काय? लटकतोच ना, म्हणून कॉम्प्लेक्स. आफ्टर पहिल्या अन् या शेवटच्या, दोन्ही वाक्यांत आहे बरं, पण कॉम्प्लेक्स एकच, त्यामुळे 'आफ्टर दिसला की कॉम्प्लेक्स' असे गाईडातले शब्द पाठ करून भागत नाही. अन् अँड दिसला की कंपाउंड असंही नाही, 'राम अँड श्याम वेन्ट टू वर्धा' सिंपलच.