हत्तीएवढा मुंगळा खातो काय?

प्रश्न : मी अकरावीत आहे. आम्ही चार मित्र फासे टाकून खेळायचा एक खेळ रचतोय. त्यातल्या जगासाठी मी वहीभर प्राणी आणि झाडं काढली आहेत : सहा पंखांचा हत्तीएवढा मुंगळा, माणूस गिळणारं फूल, रात्री चमकणारं जंगल. चित्रं सगळ्यांना आवडतात, पण खेळताना कुणाला त्यांची भीती वाटत नाही की उत्सुकता. काय चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तू पाठवलेली पानं मी दोनदा पाहिली. हात छान आहे तुझा. मुंगळ्याशेजारी तू दात किती, पंख किती, सगळं लिहिलंस. तो खातो काय, हे मात्र कुठेच नाही. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते.

तुझ्या फुलाचंच घे. पावसाळ्यात सह्याद्रीत कंदीलपुष्प फुलतं. काही गावांत त्याला खर्चुडी म्हणतात, कंद खणून खातात. खाली फुगीर, मध्ये अरुंद नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळलेली, हुबेहूब कंदील. एकदा मी एक फूल ब्लेडने उभं चिरून भिंगाखाली धरलं. नळीत सगळे केस खाली वळलेले, आणि तळाशी एक बारकी माशी, जिवंत! वासाने आत शिरते, केसांमुळे वर येता येत नाही. पुढे केस सुकतात आणि ती परागांचं ओझं घेऊन सुटते. फूल तिला खात नाही. त्याला ती हवी असते, दुसऱ्या फुलाकडे जाण्यासाठी.

तुझ्या फुलाने माणूस गिळला की खेळ तिथेच संपला. त्यापेक्षा त्याला रात्रभर कोंडू दे आणि सकाळी अंगभर पिवळी पूड माखून सोडू दे. आता ती पूड झटकायची की न्यायची? त्या वासामागे कोण येतं? तुझे मित्र इथे फासे हातात धरून विचारात पडतील.

चमकणारं जंगल तर आपल्याकडे आहेच. भीमाशंकरला भर पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी हिरवट उजळते. तिला ओल लागते. तेव्हा तुझ्या जंगलातला उजेड उन्हाळ्यात विझू दे, आणि त्या उजेडावर वाट काढणाऱ्यांचे हाल होऊ देत.

कारवीचाही विचार कर. सात वर्षं नुसती वाढते, मग डोंगरच्या डोंगर एकदम जांभळे होतात, आणि बी धरून ती मरते. मधमाश्यांना त्या वर्षी सुकाळ. आणि कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या तोडणाऱ्याला पुढच्या वर्षी काय मिळणार? तुझ्या जगातल्या एका गावाची अख्खी गोष्ट यात आहे.

मुंगळ्याला हत्तीएवढा करायचा हट्ट असेल तर जरूर कर. पण लांबी दुप्पट झाली की वजन 8 पट होतं आणि पायांची ताकद जेमतेम 4 पट. ते काटकुळे पाय मोडतील. खांबासारखे जाड कर, किंवा त्याला दलदलीत ठेव, म्हणजे पाणी थोडा भार पेलेल. पंख मात्र काढ. ते त्याला उचलणार नाहीत.

नावं शेवटी ठेव, आणि ती त्या जगातल्या माणसांना ठेवू दे. निळ्याजांभळ्या इवल्या फुलांना आपल्या लोकांनी 'सीतेची आसवं' म्हटलं. मातीखालच्या फुग्यांत ते रोप बारीक जीव ओढून घेतं, हे वरून कुणाला दिसतं?

पुढच्या पत्रात मुंगळा मेल्यावर त्याला कोण खातं ते लिही. चित्रही पाठव.