‘साभार’, पण कोणाकडून?

प्रश्न एका तरुण चित्रकर्तीचा आहे. तिने काढलेलं लकडी पुलाचं जलरंगातलं चित्र पुण्यातल्या एका मंडळाने नेटवरून उतरवून थेट आपल्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापलं. उजव्या कोपऱ्यातली सही कापली गेली, तिची नुसती शेपटी कडेला उरली. आणि खाली बारीक अक्षरात एकच शब्द, ‘साभार’. तिने जाब विचारला तर उत्तर मिळालं, "अहो, साभार लिहिलंय की!" तिला विचारायचंय, साभार म्हटलं की परवानगी घेतल्यासारखं होतं का? शिवाय आपल्या चित्रांखाली ‘मोफत’ लिहावं की ‘मुक्त’?

साभार म्हणजे स + आभार. सप्रेम, सविनय, सखेद यांच्याच घराण्यातला शब्द. अर्थ एवढाच, की आभारांसह. पण तो मराठीत कुठे कुठे नांदला ते बघा. नापसंत कविता संपादक ‘साभार परत’ करायचे. (पाकिटाची जाडी हाताला कळली की ते फोडायचीही गरज नसायची, हे अनुभवाचे बोल.) मासिकांत अभिप्रायासाठी आलेल्या पुस्तकांची यादी ‘साभार पोच’ या मथळ्याखाली यायची. दोन्हीकडे कुणीतरी आपण होऊन काही पाठवलेलं आहे, म्हणून त्याचे आभार. मंडळाच्या साभारात देणारा कुठे आहे? तिने दिलंच नव्हतं, यांनी उचललं. त्यासाठी ‘ढापणे’ हे चांगलं रुळलेलं क्रियापद आपल्याकडे आहे. बरं, साभार तरी कोणाकडून? नाव गाळलं की तो शब्द अधांतरी लोंबकळतो.

‘सौजन्य’ची गत याहून वाईट. सौजन्य असतं ते देणाऱ्याच्या अंगी. त्याने दाखवायच्या आधीच आपण ते जाहीर कसं करणार? ‘सौजन्य : गूगल’ तर कहरच. गूगलने चित्र शोधून दिलं, काढलं नाही. पत्राखाली पोस्टमनचं नाव घालण्यातला प्रकार.

कायद्यातही परवानगी वेगळी आणि श्रेय वेगळं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढलं की हक्क आपोआप मिळतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, ‘सर्व हक्क सुरक्षित’ असं लिहावंही लागत नाही. आणि कलम 57 म्हणतं की हक्क विकून टाकला तरी कृती आपली आहे असं सांगण्याचा, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने उतरवलं. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरी 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल शिल्पकाराच्या बाजूने दिला. तेव्हा सही कापणं ही काही फक्त कात्रीची चूक नव्हे.

आता मोफत आणि मुक्त. इंग्रजीत दोन्हींना ‘फ्री’ हा एकच शब्द आहे, म्हणून तिकडे गोंधळ होतो. आपल्याला तो करायचं कारण नाही. फारसीतून आलेलं ‘मोफत’ फक्त पैशांबद्दल बोलतं. ‘मुक्त’ बंधनांबद्दल बोलतं. मराठी विकिपीडियावरचा मजकूर मुक्त आहे: घ्या, बदला, छापून विकासुद्धा, मात्र श्रेय द्या आणि तुमची आवृत्तीही त्याच अटींवर खुली ठेवा. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था असे तयार परवाने पुरवते, त्यांची ही रीत 2002 पासूनची. तिथे परवानगी आधीच देऊन ठेवलेली असते, त्यामुळे नावासकट लिहिलेलं ‘साभार’ शोभतं.

या बाईंना चित्र लोकांनी बघावं, एकमेकांना पाठवावं असं वाटतं, पण न विचारता छापलेलं चालत नाही. म्हणजे चित्र बघायला मोफत आहे, मुक्त नाही. त्यांनी हे दोन्ही शब्द सोडून चित्राखाली सरळ लिहावं : ‘शेअर करा, सही कापू नका. छापायचं असेल तर आधी विचारा.’ पुण्यात पाटीची भाषा लवकर कळते.