राधानगरीचे दरवाजे आपोआप उघडतात, मग पाण्याचं काय?

प्रश्न : आमच्या गल्लीत गेल्या महिन्यात प्रवचन झालं. बुवांनी पाण्याचे गुण सांगितले. बर्फ पाण्यावर तरंगतो म्हणून थंड देशांतले मासे जगतात. पाणी हळू तापतं, हळू निवतं. मुळातून शेंड्यापर्यंत आपणहून चढतं. एवढं सगळं कर्त्याशिवाय जुळून येईल का, असा त्यांचा सवाल होता. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. राधानगरी धरणाचे दरवाजे आपोआप उघडतात, पण ते तसे बनवणारा कुणीतरी होताच. मला बुवांचं पटलं. कॉलेजात शिकणारा नातू म्हणतो, हा सगळा अपघात आहे, उगाच देवाला मध्ये आणू नका. तुम्ही विज्ञान शिकवलंत आणि देवपूजाही करता. स्पष्ट सांगा, कोण बरोबर?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : स्पष्टच हवं म्हणता, तर सांगते. बुवांनी सांगितलेले गुण खरे आहेत. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तुमच्या नातवाचा ‘अपघात’ही मान्य नाही. आता भांडा दोघं मिळून माझ्याशी.

माझे आबा गुळव्या, म्हणजे उसाच्या रसाचा गूळ करणारे, होते. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागलं की ते पहाटेपासून काहिलीपाशी. पाण्याचा हट्टीपणा मी पुस्तकात वाचायच्या आधी तिथे पाहिला. चुलवाणात चिपाडाचा जाळ नुसता भडभडतोय, रसाला आदण येऊन तास झाला, तरी पाक काही होत नाही. मी विचारायची, ‘आबा, एवढा जाळ जातोय कुठं?’ ते म्हणायचे, ‘पाणी खातंय.’ पुढे शिकवायला लागल्यावर कळलं की आबांचं उत्तर अगदी शास्त्रशुद्ध होतं. एक किलो पाणी शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला १०० किलोकॅलरी लागतात. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात, आणि त्या सगळ्या वेळात तापमान एक अंशही वर सरकत नाही. काहिलीत हजार लिटर रस धरला तर त्यातलं आठशेच्या आसपास पाणीच, आणि ते सगळं उडवायचं. ते उडत नाही तोवर पारा शंभराच्या फार वर जात नाही. शेवटी तो चढतो तो भराभर, आणि ११८च्या आसपास आबा थेंबभर पाक गार पाण्यात सोडून बोटांनी गोळी वळून बघायचे.

पाणी एवढा जाळ का खातं? पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन, तेही सरळ रेषेत नसून १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेले. त्यामुळे रेणूच्या एका अंगाला किंचित ऋण भार राहतो, दुसऱ्या अंगाला धन. एकाचं धन अंग दुसऱ्याच्या ऋण अंगाला धरून ठेवतं. याला हायड्रोजन बंध म्हणतात. वाफ करायची म्हणजे या असंख्य पकडी सोडवायच्या. जाळ जातो तिथे.

बुवांची सगळी यादी याच एका पकडीत बसते. बर्फ तरंगतो, कारण गोठताना प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना ठरावीक दिशांनी हात लांब करून धरतो. फुगडी घालणाऱ्या बायका बघा. महाद्वार रोडच्या गर्दीत जेवढ्या जागेत वीसजणी मावतील, तेवढ्यात फुगड्या घालायच्या तर चार जोड्याही मावत नाहीत. बर्फाने अशी जागा अडवली की तो हलका होतो. पाणी झाडात चढतं तेही याच पकडीमुळे. पानातून एक रेणू बाहेर पडला की मागचा ओढला जातो. पाणी हळू तापतं, त्यालाही हेच कारण.

हे बंध नसते तर? ऑक्सिजनचा थोरला भाऊ म्हणजे गंधक. त्याचा हायड्रोजनशी झालेला वायू आम्ही शाळेत किपच्या उपकरणात बनवायचो आणि सडक्या अंड्यांच्या वासाने पोरं खिडकीकडे पळायची. तो उणे ६० अंशांलाच उकळतो, कारण त्याच्या रेणूंची एकमेकांवर अशी पकड नसते. पाण्याचीही नसती, तर रंकाळा तलावाच्या जागी नुसता खड्डा असता आणि त्यात भेळ खायलाही कोणी नसतं.

म्हणून नातवाला सांगा, अपघात म्हणू नकोस. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जसे आहेत तसे असताना पाणी असंच होणार होतं, यात फासे टाकल्यासारखं काही नाही. आणि तुम्हाला सांगते, बुवांनी चार-पाच चमत्कार मोजले, पण ती एकाच गोष्टीची चार-पाच तोंडं आहेत. ‘इतक्या गोष्टी जुळल्या’ यातला ‘इतक्या’ तिथेच गळून पडतो.

बर्फाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण ते बुवांचं हुकमी पान. गोडं पाणी ४ अंशांला सगळ्यात जड असतं. त्याहून गार झालेलं पाणी वरच राहतं, वरच गोठतं आणि खाली मासे जगतात. श्रीनगरचं दल सरोवर एखाद्या कडक हिवाळ्यात गोठतं ते असंच, वरून. यात विधात्याची योजना दिसते, असं काउंट रम्फर्ड या नामांकित शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीसच लिहिलं होतं, म्हणजे बुवांचा मुद्दा जुना आणि मानाचा आहे. पण समुद्राच्या खाऱ्या पाण्याला हा ४ अंशांचा नियम लागू नाही. ते उणे दोनच्या जवळ गोठेपर्यंत जडच होत जातं. आता नियमही देवाचा पुरावा आणि नियमाला अपवादही देवाचाच पुरावा म्हटलं, तर पुरावा नाही असं कधी म्हणायचं? शिवाय गोठताना फुगणारं पाणी एकटं नाही. बिस्मथ फुगतं, गॅलियम फुगतं, सिलिकॉनही फुगतं. वितळलेल्या सिलिकॉनवर घट्ट सिलिकॉन तरंगतं, आणि त्याखाली कुणाचेही मासे नसतात.

आता तुमचे दरवाजे. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे कुणीतरी बनवले हे तुम्हाला का ठाऊक आहे? ते उपयोगी आहेत म्हणून नव्हे. शाहू महाराजांनी धरणाचं काम काढलं हे माहीत आहे, नकाशे असतात, कारागीर असतात, आणि दरवाजा नसलेली नदी कशी असते हेही आपण पाहिलेलं आहे. पाण्याच्या बाबतीत असं शेजारी ठेवून बघायला दुसरं काही नाही. त्यातही गंमत बघा. पाण्याचा दाब किती हे बघून इंजिनिअरने दरवाजा बेतला. दरवाजाला सोयीचं जावं म्हणून पाणी कुणी बेतलं नाही.

हेच कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवात आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांपाशी आणि मग दिवसागणिक वर. मी लहानपणी आईचा हात धरून जायची तेव्हा वाटायचं, सूर्यच वाकून देवीला भेटायला येतो. सूर्य जिथे होता तिथेच होता. बांधणाऱ्यांनी देऊळ त्याच्या हिशेबाने उभं केलं. मासे, ऊस आणि आपण पाण्याच्या हिशेबाने असेच उभे राहिलो. पाण्यातच घडलेल्याला पाणी मापात बसतं, याचं नवल किती करायचं? दुसरी बाजूही लपवत नाही. हार्वर्डचे लॉरेन्स हेंडरसन यांनी १९१३ साली हेच गुण तपशिलाने मांडून म्हटलं की जीव जसा परिस्थितीला जुळतो, तशी परिस्थितीही जिवाला जुळलेली आहे. हा मुद्दा फुंकर मारून उडवता येत नाही. ऑक्सिजन असा आणि हायड्रोजन तसा, हे मुळात का, याला माझ्या फळ्यावर उत्तर नव्हतं. तिथे मी खडू खाली ठेवते. हात जोडते, पण त्याला सिद्धता म्हणत नाही.

माझी अडचण वेगळीच आहे, तीही ऐका. आमचं घर रमणमळ्यात. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३, हे तुम्हाला मी सांगायला नको. अरबी समुद्रावरून निघालेली वाफ तीच ५४०ची शिदोरी घेऊन येते, गगनबावड्याच्या डोंगरांवर चढते, निवते आणि कोसळते. आमच्या तळमजल्यात पाणी चार फूट होतं. ते ओसरल्यावर बघते तर भिंतीवर ओल सहा फुटांपर्यंत चढलेली. उसात शेंड्यापर्यंत चढायला लावणारी पकडच माझ्या भिंतीत वर चढली होती. पुस्तकं फुगून कपाटात अशी घट्ट बसली की सुताराला बोलवावं लागलं. बर्फाचं श्रेय देवाच्या खात्यावर जमा करायचं असेल, तर ती भिंतही त्याच खात्यावर लिहायला लागते. बुवा जमेचीच बाजू वाचतात.

मी पूजा करते, नदी चढली की ओटीही भरते, त्या वर्षीही भरली. सासूबाई भरायच्या म्हणून भरते. त्यासाठी बर्फ तरंगायलाच हवा अशी माझी अट नाही.

नातवाशी वाद घालण्यापेक्षा त्याला घेऊन दिवाळीनंतर आमच्या गावी या. भाऊ अजून गुऱ्हाळ चालवतो. जाळ कितीही वाढवला तरी पारा शंभरापाशी कसा रेंगाळतो ते त्याला स्वतः बघू दे. थर्मामीटर मात्र प्रयोगशाळेतला आणायला सांगा. घरातला तापाचा आणलात तर फुटेल, आणि भाऊ अख्खी काहील तुमच्या नावावर लिहील.